पार्श्वभूमी : लांघणजचा शिकाऱ्यांचा तळ आणि तिथल्या कबरी

सूक्ष्मास्त्रे म्हणजे गारगोटी, अकीक, चर्ट अशा दगडांची नखाएवढी पाती. लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवली की त्यांचा बाण किंवा भाला होई. १८६७-६८ मध्ये आर्चिबाल्ड कार्लाइल यांनी विंध्यातल्या शैलाश्रयांतून, म्हणजे खडकांच्या नैसर्गिक आडोशांतून, ती वेचली आणि पुढे देशभर ती सापडत गेली. पण बहुतेक जमिनीवरून उचललेली. त्यामुळे ती कोणत्या थरातली, कोणत्या काळातली हे सांगता येत नव्हते. ती घडवणारी माणसे तर जवळजवळ अदृश्यच होती. गुजरातमधल्या लांघणजला एवढे महत्त्व आले ते या उणिवेमुळे.

तिथवरचा रस्ता मात्र दुसऱ्याच प्रश्नातून गेला. बडोदा संस्थानासाठी काम करताना भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८९०च्या दशकात साबरमतीच्या खोऱ्यात पुराश्मयुगीन, म्हणजे सर्वांत जुन्या दगडी युगातली, हत्यारे मिळाली होती. ही हत्यारे आणि नवाश्मयुग (शेती सुरू झाली तो काळ) यांच्यामध्ये प्रचंड काळ रिकामा गेला असावा, असे त्यांचे मत होते. ते तपासायला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया १९४१ मध्ये गुजरातेत गेले. त्या भटकंतीत वाळूच्या टेकाडांवर जागोजाग सूक्ष्मास्त्रे दिसली. मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणज गावाजवळचा ‘अंधारियो टिंबो’ त्यांतलाच एक.

१९४४च्या मोहिमेत इरावती कर्वे सांकलियांबरोबर होत्या. बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या विषमतेवर त्यांनी डॉक्टरेट केली होती. हा योग किती मोलाचा होता हे उत्खनन सुरू झाल्यावर कळले, कारण वाळूतून माणसांचे सांगाडे निघू लागले. १९६३पर्यंत अधूनमधून झालेल्या उत्खननांत एकूण १४ सांगाडे मिळाले. पाय दुमडून, अंग आखडून, बहुतेकांना पूर्व-पश्चिम ठेवलेले. पुरण्यासाठी वेगळी जागा राखलेली नव्हती. जिथे राहायचे, हत्यारे घडवायची, शिकार फाडायची, तिथेच कबरी. माझ्या मते लांघणजची सर्वांत बोलकी गोष्ट हीच. सतत फिरणारी माणसे आपले मृत अशा जागी ठेवत होती, जिथे ती पुन्हा पुन्हा परतत असणार.

परतण्याचे कारणही समोरच होते. टेकाडांमधल्या खोलगट भागात पावसाचे पाणी साठे आणि पाण्यावर जनावरे येत. नीलगाय, काळवीट, चितळ, रानडुक्कर यांची हाडे थरांत मिळाली, शिवाय कासव आणि मासे. गेंड्याचेही हाड मिळाले! आजच्या कोरड्या मेहसाण्यात गेंडा म्हणजे त्या काळी ओलावा आणि गवताळ रान जास्त असल्याची खूण. गेंड्याच्या त्या खांद्याच्या हाडावर ठोकल्याचे खळगे होते. दगड घडवताना ऐरण म्हणून ते वापरले असावे. दंतशिंपल्यांचे (दातासारख्या नळीदार शिंपल्यांचे) मणीही सापडले. ते समुद्राकडून आलेले, म्हणजे किनाऱ्याशी काही ना काही संबंध होता.

काळाचा प्रश्न अवघड निघाला. सुरुवातीला सारे फार प्राचीन वाटले होते, पण वरच्या टप्प्यात तांब्याची सुरी मिळाली आणि कार्बन-१४ची (सेंद्रिय अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली) एक तारीख इ.स.पू. २०००च्या आसपासची आली. म्हणजे लांघणजच्या वस्तीचा काही भाग तरी हडप्पा संस्कृतीच्या गुजरातेतल्या लोथल नगराला समकालीन ठरतो. या शिकाऱ्यांची आणि लोथलच्या नगरवासीयांची देवाणघेवाण होत असावी, असे पुरातत्त्वज्ञ ग्रेगरी पोसेल यांनी मांडले. मला ते पटते. तांबे या वाळूत आपसूक येणार नाही.

पुढे चित्र झपाट्याने भरत गेले. १९६७पासून वीरेंद्रनाथ मिश्र यांनी राजस्थानात कोठारी नदीकाठी बागोरला मध्याश्मयुगीन, म्हणजे पुराश्मयुग आणि नवाश्मयुग यांच्या मधल्या सूक्ष्मास्त्रांच्या काळातली, वस्ती आणि दफने उघडी केली. १९७०च्या दशकात अलाहाबाद विद्यापीठाच्या गो. रा. शर्मा यांनी गंगेच्या मैदानात सराय नहर राय आणि महदहा खणले. सराय नहर रायला एका कबरीत चार जण एकत्र पुरलेले होते. तिथेच माणसाच्या हाडांत रुतलेली सूक्ष्मास्त्रेही सापडली, म्हणजे ही पाती केवळ जनावरांवर चालत नव्हती.