मुळातून वाढणारा नीरफणस : घरगुती रोपनिर्मितीची पार्श्वभूमी

कोकणात आणि गोव्यात परसदारी वाढणाऱ्या नीरफणसाला, म्हणजेच विलायती फणसाला, बी नसते. त्यामुळे नवे झाड हवे असेल तर जुन्या झाडाच्या मुळाशीच जावे लागते. मुळाचा तुकडा कुंडीत लावून घरी रोप करण्याची रीत या झाडाच्या तीन हजारांहून अधिक वर्षांच्या प्रवासात घडली आहे.

नीरफणसाचा रानटी पूर्वज न्यू गिनीचा. त्याची फळे बियांनी भरलेली असतात आणि तो बियांपासूनच वाढतो. तिथून पूर्वेकडे प्रशांत महासागरातील बेटांवर वस्ती करत गेलेल्या दर्यावर्दी लोकांनी गर जास्त व बिया कमी अशी झाडे निवडली आणि त्यांची मुळे, फुटवे होड्यांतून सोबत नेले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या निवडीतून पॉलिनेशियात, म्हणजे प्रशांत महासागराच्या मध्य-पूर्व भागातील बेटांवर, बिनबियांचे प्रकार रूढ झाले. त्यांतल्या अनेकांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्याने बी धरतच नाही. असे झाड माणसाने जिवंत मूळ उचलून नेले तरच समुद्र ओलांडते. हवाईच्या एका लोककथेत दुष्काळात कुटुंबाला जगवण्यासाठी कू हा देव स्वतःला जमिनीत गाडून घेतो, तिथे हे झाड उगवते आणि पुढे भोवती आलेले फुटवे इतरांना लावायला दिले जातात. लागवडीचे तंत्र इतक्या नेमकेपणाने सांगणारी कथा विरळाच.

1769 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक यांच्यासोबत ताहिती या पॉलिनेशियन बेटावर गेलेल्या वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी पुढे हे झाड वेस्ट इंडीजला नेण्याचा पुरस्कार केला. त्यामागचा हेतू स्पष्टपणे सांगितला पाहिजे : उसाच्या मळेवाल्यांना गुलामांसाठी स्वस्त अन्न हवे होते. डिसेंबर 1787 मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी विल्यम ब्लाय ही रोपे आणण्यासाठी ‘बाउंटी’ जहाज घेऊन निघाले, तेव्हा जहाजाची मुख्य खोली रोपांसाठी राखली होती आणि तिच्या तळाला शिशाचा पत्रा ठोकून कुंड्यांतून निथळणारे पाणी पुन्हा वापरण्याची सोय केली होती. ताहितीत रोपांनी कुंड्यांत मूळ धरेपर्यंत आणि परतीचा वारा अनुकूल होईपर्यंत मुक्काम पाच महिन्यांहून अधिक लांबला. अखेर 774 कुंड्या, 39 पिंपे आणि 24 खोक्यांत 1,015 रोपे चढली. पण 28 एप्रिल 1789 रोजी खलाशांनी बंड केले आणि ती सगळी समुद्रात गेली. ब्लाय यांनी 1792 मध्ये ‘प्रॉव्हिडन्स’ जहाजातून पुन्हा दोन हजारांहून अधिक रोपे उचलली. 1793 च्या आरंभी ती सेंट व्हिन्सेंट व जमैकाला पोहोचली, तेव्हा सुमारे एक तृतीयांशच जगली होती.

या जातीची नाजूक बाजू त्यातून दिसते : नुकते मूळ धरलेले रोप कोरडेपणा आणि खारे वारे सोसत नाही. घरी रोप करतानाही सारा भर ओलावा आणि सावली यांवर असतो तो यामुळेच. फळांचा हंगाम संपून नवी वाढ सुरू होण्याच्या सुमारास जमिनीलगतचे दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे निरोगी मूळ धारदार करवतीने कापतात, वीसेक सेंटिमीटरचे तुकडे करून चीक धुतात आणि वाळूमिश्रित भुसभुशीत मातीत आडवे किंवा तिरके ठेवून वर पातळ थर देतात. माती दमट हवी, पण पाणी साचता कामा नये. फुटवा दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि या काळात तुकडा उकरून पाहण्याचा मोह आवरावाच लागतो. मूळ न कापता जागेवरच थोडे खरवडले तरी त्यावर फुटवा येऊ शकतो. तो स्वतःची मुळे धरल्यावर वेगळा करता येतो. जुन्या झाडाला धोका कमी असल्याने मला हीच पद्धत अधिक पसंत आहे. गुटी कलमही (झाडावरच्या फांदीची साल काढून तिथे मुळे आणणे) साधते, मात्र साध्या फांदीचा तुकडा सहसा रुजत नाही.

मुळापासून झालेले प्रत्येक रोप मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. त्यामुळे ज्या प्रकाराचे फुटवे कोणी लावत नाही, तो प्रकार शेवटच्या झाडाबरोबर संपतो. हवाईत 2003 मध्ये स्थापन झालेल्या ब्रेडफ्रूट (म्हणजे नीरफणस) इन्स्टिट्यूटने ऊतिसंवर्धनातून, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यांपासून, रोपे वाढवण्याच्या कामाला चालना दिली, आणि ‘मा‌आफाला’सारख्या सामोअन प्रकाराची रोपे त्यातून दूरदूरच्या देशांत गेली. माउई बेटावरील काहानू उद्यानात मात्र शंभराहून अधिक प्रकार आजही जमिनीत उभ्या झाडांच्या रूपातच सांभाळले जातात, कारण बिनबियांच्या प्रकारांना बियाणे साठवून ठेवण्याचा मार्गच उपलब्ध नाही.