सेज की पानओवा? आधी पान मोडून बघा

मागच्या पावसाळ्यात लातूरच्या एका रोपवाटिकेतून मी 'सेज' म्हणून रोप आणलं. सेज म्हणजे इटलीकडच्या स्वयंपाकात वापरतात ती वासाची पानं. त्याच संध्याकाळी सात-आठ पानं कडक तुपात सोडली, आणि तूप असं तडतडून उडालं की गॅस बंद करून मागं सरकले. पानं कुरकुरीत व्हायची सोडून लिबलिबीत झाली आणि घरभर ओव्याचा वास. सासूबाईंनी कुंडीकडं नुसती नजर टाकली. "अगं, हा तर पानओवा! पोरांना सर्दी झाली की देतो तो. ह्याला पैसे मोजलेस?"

चूक होण्यासारखीच आहे. दोन्ही झाडं तुळस-पुदिन्याच्या कुळातली. दोन्हींच्या पानांवर मऊ लव, दोन्हींची पानं खोडावर समोरासमोर जोडीनं येतात. नावाचाही आधार नाही. मोबाइलला सेजचं मराठी विचारलं तर तो 'ऋषी' म्हणून मोकळा होतो. इंग्रजीत झाड आणि ऋषी दोघांना एकच शब्द, पण झाडाचं नाव लॅटिनमधल्या 'साल्विया'वरून आलंय, ऋषींचा त्यात काही हात नाही.

ओळखायचं तर पान मोडा. पानओव्याचं पान जाड, रसाळ, कडेला गोलसर दाते असलेलं. मोडलं की कट्‌ आवाज येतो आणि बोटं ओली होतात. वास थेट ओव्याचा, कारण थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही वासाची द्रव्यं. (आपण फोडणीत घालतो त्या ओव्याचं झाड मात्र वेगळंच, कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातलं.) सेजचं पान लांबट, पातळ, राखाडी झाक असलेलं, वरून बारीक दाणेदार. चुरगाळलं की कापूर आणि निलगिरीकडं झुकणारा वास येतो.

स्वयंपाकातला सगळा फरक या पाण्यामुळं पडतो. सेजच्या पानात पाणी कमी, म्हणून ते तुपात किंवा लोण्यात अर्ध्या-एक मिनिटात कुरकुरीत होतं आणि त्याचा वास स्निग्धात उतरतो. कच्चं खाल्लं तर कडवट आणि राठ लागतं. इटलीत लोण्यात सेज परतून पास्त्यावर ओततात, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांतही टोमॅटो-लसणाबरोबर घालतात. आपल्याकडं हा दुसरा प्रकार चवळीला छान जमतो. कुकरमध्ये शिजवलेली चवळी, तेलात लसणाच्या चार पाकळ्या आणि सेजची चार-पाच पानं, मग टोमॅटो, मीठ, थोडं तिखट. हळद-मसाला मुद्दाम नको, नाहीतर सेज कुठं गेलं ते कळणार नाही. सोबत ज्वारीची भाकरी.

त्याहून सोपं म्हणजे लाल भोपळा. फोडी झाकून मऊ करा, मीठ-मिरपूड घाला, आणि वरून कढल्यात कुरकुरीत केलेली सेजची पानं तुपासकट ओता. भोपळ्याचा गोडवा सेजच्या कडूपणाला सांभाळून घेतो. पानं सहापेक्षा जास्त टाकू नका, चव औषधासारखी होते. सुकं सेज असेल तर ताज्याच्या तिसरा हिस्सा पुरे. गरोदर बाईच्या ताटात मात्र नेमानं किंवा जास्त सेज नको, त्यात थुजोन नावाचं द्रव्य असतं.

पानओव्याला पीठ हवं किंवा दही. अख्खी पानं बेसनात बुडवून भजी तळा. पिठाच्या आवरणामुळं पाणी आतच राहतं, तूप-तेल उडत नाही. नाहीतर बारीक चिरून धपाट्याच्या पिठात मिसळा, मग वेगळा ओवा घालायलाच नको. दह्यात कोशिंबिरीसारखं कालवलं तरी चालतं.

खऱ्या सेजचं रोप शेवटी दुसरीकडून आणलं. भूमध्य समुद्राकाठच्या या झाडाला ऊन आवडतं, पण आपल्या काळ्या मातीत पाणी साचून राहतं आणि पावसाळ्यात मुळं कुजतात. म्हणून कुंडीत निम्मी वाळू घातली आणि पाणी वरची माती सुकल्यावरच. पानओव्याला यातलं काही लागत नाही. मोडलेली फांदी मातीत खोचली की झालं.

भोपळा सासूबाईंनी दोनदा वाढून घेतला. सेजची पानं तेवढी ताटाच्या कडेला काढून ठेवली, कढीपत्त्यासारखी.