यीजिन जिंग

यीजिन जिंग : स्नायू व कंडरा यांचा कायापालट करण्याची रीत सांगणारा चिनी ग्रंथ. दक्षिण भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने तो रचला, असे परंपरा मानते. चीनमधील शाओलिन या बौद्ध मठाच्या युद्धकलेचे मूळ भारतात शोधणाऱ्यांचा मुख्य आधारही हाच. उपलब्ध पुराव्यांवरून मात्र तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला दिसतो.

ग्रंथाला दोन प्रस्तावना आहेत. पहिलीवर थांग राजघराण्याचा सेनापती ली जिंग याचे नाव व इ. स. ६२८ हा काळ आहे. तीनुसार बोधिधर्माच्या पश्चात शाओलिन मठाच्या भिंतीत लोखंडी पेटी सापडली. तीत भारतीय लिपीतल्या दोन पोथ्या होत्या. एक शिष्य ह्वेईखने नेली. दुसरी, म्हणजे ही, पुढे एका भारतीय भिक्षूने उलगडून दिली आणि ‘कुरळ दाढीवाल्या’ वीराच्या हातून ती ली जिंगकडे आली. हा वीर थांगकालीन एका प्रसिद्ध कथेतला नायक असून त्याच कथेत ली जिंगही येतो. तेव्हा प्रस्तावनाकाराने सेनापती इतिहासातून नव्हे, कथेतून उचलला असावा. कालगणनाही जुळत नाही. बोधिधर्म सम्राट श्याओमिंगच्या थायह काळात ल्यांग राज्यातून वेई राज्यात आला, असे प्रस्तावना म्हणते. पण थायह हे आधीच्या श्याओवेनचे शक (४७७–४९९) आणि ल्यांग राज्य स्थापन झाले ५०२ मध्ये. राजांची वंशावळ तोंडपाठ असलेल्या दरबारी माणसाकडून अशी चूक संभवत नाही.

दुसरी प्रस्तावना सोंगकालीन सेनापती यूए फेई याचा सरदार न्यू गाओ याच्या नावावर असून तिचा काळ ११४२ दिला आहे. लिंग थिंगखान (१७५७–१८०९) या पंडिताने दोन्ही बनावट ठरवल्या आणि कर्ता कुणी अडाणी गावमास्तर असावा, असे म्हटले. युद्धकलेचे इतिहासकार थांग हाओ यांनी १९३० मध्ये या टीकेला बळ दिले. ग्रंथाच्या १६२४ च्या उत्तरलेखावर थिएनथाय पर्वतावरील ‘झिनिंग ताओपंथी’ अशी सही आहे. खरा कर्ता तोच, हे मत अधिक पटणारे वाटते.

जुनी साधनेही परंपरेला दुजोरा देत नाहीत. यांग श्वानझ (५४७) व ताओश्वान (६४५) यांच्या लेखनात बोधिधर्म येतो तो भिक्षू व ध्यानाचा आचार्य म्हणून. ६२१ मध्ये ली शिमिन या पुढे थांग सम्राट झालेल्या राजपुत्राच्या बाजूने लढलेल्या शाओलिन भिक्षूंची नोंद ७२८ च्या शिलालेखात आहे, पण त्यांच्या शौर्याचे श्रेय बोधिधर्माला दिलेले नाही. मिंग राजघराण्याच्या काळातही मठाची ख्याती काठीच्या युद्धकलेसाठी होती, आणि त्या काळचा युद्धकला-लेखक छंग झोंगयौ तिचे मूळ किन्नरराज या बौद्ध देवतेकडे नेतो.

मजकुरात प्राणशक्तीचे संचालन, पोटाचे तळहाताने मर्दन आणि नंतर लाकडी मोगरी व खड्यांच्या पिशव्यांचे ठोके हा क्रम आढळतो. ताओपंथी व्यायाम, औषधी विचार व लढाईची तयारी एकत्र आणणारा म्हणून ग्रंथाचे मोल मोठे आहे. बनावट प्रस्तावनांमुळे ते कमी होत नाही. आज प्रचलित असलेले उभ्याने करायचे १२ प्रकार एकोणिसाव्या शतकातील छापील आवृत्त्यांतून रूढ झाले.

बोधिधर्म व मुष्टियुद्ध यांची सांगड मुख्यतः विसाव्या शतकाच्या आरंभी, ल्यू अ यांची ‘लाओ त्सानचा प्रवास’ ही कादंबरी आणि १९१५ चे शाओलिन मुष्टियुद्धावरील एक पुस्तक यांमुळे पसरली.