पी.टी.चा तास कापल्याने गुण वाढत नाहीत
दहावीची पूर्वपरीक्षा जवळ आली की मुंबईतील अनेक शाळांत शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला दिला जातो, आणि मैदानावर गेलेला वेळ अभ्यासातून वजा होतो हा जुना समज पालकही निमूटपणे मान्य करतात. त्याला आधार नाही. अमेरिकेतील सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०१० मध्ये ५० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा शाळेतील शारीरिक हालचाल आणि अभ्यासातील कामगिरी यांच्यातील तपासलेल्या २५१ संबंधांपैकी निम्म्याहून किंचित अधिक अनुकूल निघाले, प्रतिकूल केवळ दीड टक्का होते आणि उरलेल्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात, पी.टी.मुळे गुण हमखास वाढतात असेही यातून सिद्ध होत नाही; तसा दावा करणारे क्लासवाले उद्या निघाले तर नवल नको.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. मैदान नाही, ही सबबही पुरती टिकत नाही: सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या आणि लंगडी यांना गिरगावातल्या चाळीच्या चौकाएवढी जागा पुरते, तर दोरीच्या मल्लखांबाला वर भक्कम आधार, खाली गादी आणि शेजारी जाणकार प्रशिक्षक असला की झाले.