क्रॅक मारलेला कॉम्प्युटर दुकानात आणण्याआधी वाचा

"विंडोज फुकटातलं टाका ना, दुसरीकडे टाकून देतात" हे रोज ऐकतो. टाकणारे टाकतात, म्हणजे लायसनचं कुलूप तोडून (क्रॅक) देतात, पण बिघडलं की मशीन आमच्याच टेबलावर येतं.

हे कुलूप तोडणारा प्रोग्राम, म्हणजे पॅच किंवा ॲक्टिव्हेटर, चालवायचा तर तो कसा टाकायचा ते दाखवणारा व्हिडिओवाला आधी ॲंटीव्हायरस बंद करायला लावतो, आणि इथेच सगळी वाट लागते. लोक नुसता बंद करत नाहीत, डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा ॲंटीव्हायरस) एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे 'इथे तपासू नको'च्या यादीत, अख्खा सी ड्राइव्ह टाकून मोकळे होतात आणि नंतर विसरतात, मग आम्ही व्हायरस काढला तरी आठवड्यात परत हजर कारण दार उघडंच. पॅच टाकलाय हे कोणी सांगतही नाही, "आपोआप झालं" म्हणतात, त्यात आमचा अर्धा दिवस जातो.

क्रॅकमधून येणारं स्टॉप नावाचं रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) तर सगळ्या फाइल्स लॉक करून हजारेक डॉलर मागतं, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे. बहुतेक वेळा त्या फाइल्स परत मिळत नाहीत, आम्हीसुद्धा काही करू शकत नाही. ऐन आंब्याच्या सीझनला पेट्यांचा हिशोब किंवा होमस्टेची बुकिंगं अशी गेली तर काय करणार? बॅकअपचा पेनड्राइव्ह लावलेलाच असेल तर तोही गेला. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरीला जातात ते वेगळंच.

कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ब आहे, असं सॉफ्टवेअर धंद्यासाठी जाणूनबुजून वापरलं तर किमान सात दिवस कैद आणि किमान ५० हजार दंड.

गंमत म्हणजे बऱ्याच जणांना क्रॅकची गरजच नसते. विंडोज ८ पासून पुढे विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपची की (लायसनचा नंबर) मदरबोर्डमध्येच असते, पण बहुतेकदा असते विंडोजच्या साध्या होम आवृत्तीची आणि हौसेने टाकतात महागडी प्रो, मग ॲक्टिव्हेट कसं होणार? लॅपटॉपसोबत आलेलीच विंडोज टाकून नेट जोडलं की आपोआप होतं. पत्रं, बिलं करायला लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठी चालतं. हिशोबाची टॅली मात्र धंद्याला लागते तर लायसन घ्याच, शिकायला त्यांचा एज्युकेशनल मोड आहे.

आम्ही क्रॅक टाकत नाही म्हणून महाग वाटतो, पण तुमच्या मशीनमध्ये की आहे का ते फुकट बघून देतो, ओरिजिनल लायसन बिलासकट मिळेल, वर्षाचा बॅकअपचा प्लॅनही आहे. येताना चार्जर आणा, आणि पॅच मारलेला असेल तर आधी सांगा, ओरडणार नाही.