बहुविद्याशाखीय की आंतरविद्याशाखीय? माकडतापाने दाखवलेला फरक

आरोग्य संशोधनाच्या प्रस्तावांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्हींत तज्ज्ञ अनेक असतात, पण काम वेगळं होतं. माकडतापाचं उदाहरण घेऊ. गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा हा विषाणूजन्य आजार 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. पुढे 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आढळला.

बहुविद्याशाखीय अभ्यासात विषाणूतज्ज्ञ रक्त तपासतात, कीटकतज्ज्ञ गोचिडी गोळा करतात, पशुवैद्य मेलेल्या माकडांकडे बघतात, समाजशास्त्रज्ञ मुलाखती घेतात. प्रत्येकाचं प्रकरण चोख, आणि शेवटी सगळी एका अहवालात बांधायची. साथ सुरू असताना हे लवकर होतं आणि उपयोगीही पडतं.

अडचण जोडताना येते. केसपेपरवर रुग्णाच्या घरचा पत्ता असतो. गोचीड मात्र चावलेली असते काजूच्या बागेत, नाहीतर सरपणाच्या वाटेवर. गोचिडींची नोंद तिसऱ्याच ठिकाणची. मग दोन्ही आकडे बरोबर असूनही एकमेकांना लागत नाहीत.

आंतरविद्याशाखीय अभ्यासात प्रश्नच एकत्र बसून ठरतो. लागण झाल्यापासून साधारण 3 ते 8 दिवसांत ताप येतो. म्हणून केसपेपरवरच विचारायचं, ‘गेल्या आठवड्यात काजू वेचायला, गुरं चारायला कुठे गेला होतात?’ आणि गोचिडी धरायचं पांढरं फडकं त्याच जागी पाचोळ्यावरून ओढायचं.

गुरांचा मुद्दा तर याशिवाय हाती लागतच नाही. माकडतापाने गुरं आजारी पडत नाहीत, म्हणून पशुवैद्य त्यांच्यावरून पुढे जातात. डॉक्टरांच्या दृष्टीने ती रुग्णच नव्हेत. पण पूर्ण वाढलेल्या गोचिडी पोसल्या जातात मुख्यतः गुरांवर. जंगलतोड आणि चराईमुळे साथ पसरते, असं संशोधक होर्हे बोशेल यांनी 1969 मध्येच मांडलं होतं. अलीकडे भारत-ब्रिटन संयुक्त प्रकल्पाने जंगल, लागवड, गुरं आणि रुग्ण एकाच नकाशावर आणले, तेव्हा सदाहरित जंगल आणि बागायती सरमिसळ असलेल्या, देशी गुरं जास्त असलेल्या भागांत धोका अधिक दिसला.

माझ्या मते खरी कसोटी वेळ आणि पैसा यांची आहे. शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, यावर बढत्या ठरतात. अनुदान विभागवार येतं. प्रस्ताव वाचताना सह्या मोजू नका. नमुने घेण्याआधी सगळ्यांनी एकत्र गावात फिरण्यासाठी किती महिने आणि किती रुपये ठेवलेत, ते शोधा.