बिनसेलचा टॅग चालतो, मग मोबाईल का नाही?

पावसाळ्यात कोकणात लाईट जायला लागली की ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास येतो, टॉवरच्या लहरींवर मोबाईल चार्ज करा म्हणून. थापच आहे ती, पण रेडिओ लहरींतून वीज मिळते हे मात्र शंभर टक्के खरं. घरातल्या आजोबांना क्रिस्टल रेडिओबद्दल विचारून बघा, पोफळीला बांधलेली लांबलचक तार, जमिनीत अर्थिंग, कानाला इयरफोन, आणि सेल नाहीच, स्टेशनच्या लहरींवरच आवाज यायचा.

आजचा नमुना गाडीच्या काचेवर चिकटवलेला असतो, फास्टॅग. नाक्यावरचा रीडर 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, टॅगची अँटेना त्या पकडते, चिपमधले डायोड त्यातून डीसी, म्हणजे सेलसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज, काढतात आणि चिप जागी होते. तिला लागतात फक्त दहा-वीस मायक्रोवॅट! आणि उत्तर द्यायला ती स्वतःच्या लहरी सोडतच नाही, रीडरच्याच लहरी कमी-जास्त परतवते, पोरं आरशाने कवडसा पाडतात ना, तसं. खरी हुशारी इथेच आहे, कारण लहरी पाठवायलाच तर जास्त वीज लागते.

आता मोबाईल. साधा 10 वॅटचा चार्जर म्हणजे 10 मायक्रोवॅटच्या 10 लाख पट. त्यात लहरी पसरत जातात, अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाई, मग लांबच्या टॉवरकडून हाताला काय लागणार?

लहरी एकाच दिशेला नेमक्या मारल्या तर गोष्ट वेगळी. विल्यम ब्राउन या अमेरिकन इंजिनियरने 1964 मध्ये मायक्रोवेव्ह लहरींवर छोटं हेलिकॉप्टर तरंगवून दाखवलं, आणि 1975 मध्ये कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला दीड किलोमीटरवर 30 किलोवॅटहून जास्त वीज पोचवली, पण त्यासाठी 26 मीटरची डिश लागली. ती काय आपण अंगणात लावणार आहोत?

आपल्याकडे उपयोग होईल तो बागेत. मातीचा ओलावा सांगणारे बिनसेलचे टॅग निघालेत, रीडर घेऊन जवळून गेलं की आकडा मिळतो, आणि खाऱ्या हवेत सेलचे पॉईंट गंजायची भानगडच नाही. फक्त पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे चिंब भिजलेल्या जमिनीत किंवा बर्फातल्या मासळीच्या क्रेटवर रीडर पार जवळ न्यावा लागतो, आणि आंब्याच्या पेटीला टॅग लावायचाच तर बाहेरून, फळापासून जरा अंतर ठेवून लावायचा.